टाचण सोडून शिकवल्याचा खुलासा

प्रति,
मा. सचिव साहेब,
मन्याड खोरे शिक्षण प्रसारक मंडळ,
मुख्य कचेरी, लातूर.

अर्जदार : शिवगंगा विरूपाक्ष मेनकुदळे, सहशिक्षिका (गणित), मंडळाचे माध्यमिक विद्यालय, बोरगाव खुर्द, ता. अहमदपूर, तसेच छात्राध्यापिका, मंडळाचेच बी.एड. कॉलेज.

विषय : इयत्ता नववी 'अ' हा वर्ग फेरपरीक्षेपर्यंत अर्जदाराच्या ताब्यात मिळणेबाबत.

संदर्भ : आपली पत्रे, जावक क्र. २१४ व २१५, दोन्ही दि. ३ मे १९८६.

महोदय,

१. पत्र क्र. २१४ अन्वये आपण विचारले आहे की, नववी 'अ'ची एक्केचाळीसपैकी तेहतीस मुले गणितात नापास झाली, सबब वर्गाला शिकवले नाही म्हणून अर्जदारास सेवेतून कमी का करू नये. पत्र क्र. २१५ अन्वये आपण कळवले आहे की, बी.एड.च्या अंतिम पाठाच्या वेळी त्याच वर्गावर, त्याच विषयात, अर्जदार टाचण बाजूला ठेवून 'शिकवत बसली', सबब ती अनुत्तीर्ण आहे. दोन्हींवर सही आपलीच आहे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, असे पूर्वी निदान दोन वेगळ्या माणसांकडून तरी होत असे.

२. जिल्हा नवा झाला तेव्हा 'नव्या जिल्ह्याला नवे शिक्षक' अशी पाटी लावून मंडळाने बी.एड. कॉलेज काढले. अर्जदारानेही नोकरी टिकावी म्हणून तिथेच नाव घातले. कॉलेज म्हटले की सराव पाठ आले आणि पाठ म्हटले की भरलेला वर्ग आला. यंदाच्या दुष्काळात आसपासच्या शाळा ओस पडल्या. माणसे रोजगार हमीच्या कामावर गेली आणि मुले त्यांच्यामागे. आमच्या आवारातल्या हातपंपाला तेवढे पाणी होते, म्हणून मुले घागर घेऊन का होईना, शाळेत येत राहिली. पंचक्रोशीत भरलेला वर्ग तेवढा एकच उरला. तेव्हा मुदखेड, नायगाव, हदगाव आणि कुठून कुठून आलेले अठ्ठेचाळीस छात्राध्यापक त्या एका वर्गावर सोडण्यात आले. ऑगस्टपासून मार्चपर्यंत गणिताचा तास अर्जदाराचा राहिला नाही. तिने तोंडी तक्रार केली, तेव्हा 'तुमचंही शिक्षण त्याच कॉलेजात चालू आहे, ध्यानात ठेवा' असे सांगण्यात आले. तिने ते ध्यानात ठेवले आणि तोंड मिटले. यात तिचा दोष आहे.

३. त्या काळात वर्गाने एकशे सदतीस सराव पाठ बसून ऐकले. पैकी 'चौकोनाचे प्रकार' हा पाठ सव्वीस वेळा झाला, कारण कोणीतरी रंगीत कागदाचा सुबक तक्ता केला होता आणि तो हातोहात फिरत होता. मुले त्यात इतकी तरबेज झाली की, हदगावचे एक सर घाबरून आज काय शिकायचे ते सांगण्याची पायरी गाळून गेले, तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या जगदेवीने उभे राहून सांगितले, "सर, तुमी हेतुकथन इसरलाव की. आदुगर ते सांगा, मग तक्ता लावा." सरांना 'विद्यार्थ्यांचा सहभाग' या सदरात पैकीच्या पैकी गुण मिळाले. अर्जदार त्या दिवशी मागे बसून हसली होती. आता ते आठवले की तिला लाज वाटते.

४. एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, तरी लिहून देत आहे. निरीक्षकांसमोर एकही हात खाली दिसता कामा नये, असा मुख्याध्यापकांचा हुकूम होता. म्हणून उत्तर येते त्याने उजवा हात वर करावा, येत नाही त्याने डावा. विचारायचे फक्त उजव्यांना. ही युक्ती मुलांना अर्जदारानेच शिकवली.

५. दि. १८ मार्च रोजी अर्जदाराचा अंतिम पाठ झाला. विषय समीकरणे. दोन परीक्षक मागे बसले होते. चार रंगांच्या खडूंनी फळा सजवला होता, टाचण बावनकशी होते. अर्जदाराने पहिला प्रश्न विचारला आणि एक्केचाळीस हात वर गेले. परीक्षकांनी तत्काळ 'वर्ग उत्साही' अशी नोंद केली. सगळे हात डावे होते. तिसऱ्या बाकावरचाही. मुले अर्जदाराकडे मोठ्या विश्वासाने पाहत होती, कारण बाईंनी सांगितले तसेच त्यांनी केले होते.

अर्जदाराने टाचण टेबलावर उपडे ठेवले, फळा पुसला आणि किराणा दुकानातल्या तराजूपासून सुरुवात केली: या पारड्यातून काढले तर त्या पारड्यातूनही काढायचे. मुले एकेक करून उठून फळ्याशी आली, चुकली, एकमेकांशी भांडली. घंटा झाली तरी कोणी हलले नाही. शेवटी सहा उजवे हात वर आले. परीक्षकांनी लिहिले : 'वर्गनियंत्रण शून्य. हेतुकथन नाही. फलकलेखन पुसले.' यातला शब्दन् शब्द खरा आहे. त्यानंतर परीक्षेपर्यंत वर्ग पुन्हा उरलेल्या छात्राध्यापकांकडे गेला.

६. जगदेवीला वार्षिक परीक्षेत गणितात नऊ गुण आहेत. चौकोनावर चार गुणांचा एकच प्रश्न होता. त्यात चारपैकी चार. निकालादिवशी तिने विचारले, "बाई, मला चौकोन समदे येत्यात. मग पेपरात त्येच का न्हाई इचारले?" तिचे वडील संगप्पा उभ्या उभ्याच म्हणाले, "फेरपरीक्षेत पास झाली तर धाव्वीला धाडतो. न्हाई तर जेठातच उजवून टाकतो. पावणे येऊन बसून राहिलेत." मुलगी पंधरा वर्षांची आहे. फेरपरीक्षा सोमवार, दि. ९ जूनला आहे.

७. वर्ग देणे मंडळास शक्य नसल्यास अर्जदाराची पर्यायी विनंती अशी की, या एक्केचाळीस मुलांना बी.एड.ची पदवी देण्यात यावी. छात्राध्यापकाने तीस पाठांचे निरीक्षण करावे असा कॉलेजचा नियम आहे. यांचे एकशे सदतीस पाठांचे झाले आहे. पाठाच्या पाचही पायऱ्या त्यांना तोंडपाठ आहेत. कुठला निरीक्षक केव्हा मान हलवतो, हेही कळते. हजेरी तर छात्राध्यापकांपेक्षा चांगली आहे. नववी नापास ही अडचण मंडळाने मनात आणल्यास दूर होईल, इतर बाबतींत झालीच आहे.

८. शाळेला सुट्टीचे कुलूप आहे. किल्लीसाठी मुख्याध्यापकांकडे तीन खेपा झाल्या. वरून लेखी आल्याशिवाय ते देणार नाहीत. म्हणून मंगळवार, दि. ६ मेपासून गावातल्या मठाच्या ओसरीवर सकाळी सात ते दहा वर्ग भरत आहे. एकोणतीस मुले येतात. जगदेवी पाणी भरून झाले की येते, सव्वासातला. तक्ता नाही, टाचण नाही. समीकरणे संपत आली, उद्यापासून अवयव.

तरी विषयात 'मिळणेबाबत' असे लिहिले आहे, ते 'घेतल्याबाबत' असे वाचावे. सेवेतून कमी करण्याचा आदेश ९ जूननंतर काढावा, ही विनंती. त्याआधीच काढणे झाल्यास तो घेऊन येणाऱ्या शिपायाला दहा वाजेपर्यंत बाहेर थांबावे लागेल. मध्येच कोणी आले की मुले हात वर करतात.

सोबत : आपल्या दोन्ही पत्रांच्या नकला.

आज्ञाधारक म्हणवत नाही, तरी आपली नम्र,
(सही)
शिवगंगा विरूपाक्ष मेनकुदळे
बोरगाव खुर्द, दि. ८ मे १९८६