तुमच्या दाराबाहेर आई बसली होती

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मला बोटांवर मोजावं लागतं, आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. तुम्ही गेल्याचं तुमच्या बहिणीचं पत्र आलं तेव्हा मी अजून नोकरीत होते एवढं आठवतं. आता मी सावेडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते आणि तुम्ही आम्हाला नर्सिंग शिकवायला नगरला होतात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा तीस वर्षांनी मोठी आहे. माझी नात शिकायला जर्मनीला निघाली आहे. परवा ती मला म्हणाली, "आजी, तू वर्षभर नॉर्वेत राहिलेलीस ना? परक्या देशात राहणं कसं असतं गं? चांगलं की वाईट?" मी "चांगलं असतं," म्हणाले, मग "अवघड असतं," म्हणाले. ती हसून निघून गेली. पण तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तरी माहीत होतं का? तुम्ही तर नॉर्वेहून येऊन आमच्यात बारा वर्षं काढलीत.

मी काष्टीहून पत्र्याची ट्रंक घेऊन तुमच्या दवाखान्याच्या होस्टेलवर आले ते एकाहत्तर साल. दुसऱ्याच दिवशी तुमची बोलणी खाल्ली. रजिस्टर द्यायला तुमच्या क्वार्टरवर आले आणि सरळ आत शिरले. तुम्ही टेबलापाशी पत्र लिहीत बसल्या होतात. तुम्ही उठलात, मला खांद्याला धरून बाहेर आणलंत, दार लावलंत आणि आतून म्हणालात, "आता टकटक कर. मी 'ये' म्हणेपर्यंत थांब." मी टकटक केली. तुम्ही मुद्दाम बराच वेळ 'ये' म्हणाला नाहीत. त्या दाराबाहेर उभं राहून मला रडू आलं. आमच्या घरी दिवसा दार लोटलेलंसुद्धा नसायचं. पुढे तुम्ही माझ्याबरोबर काष्टीला आलात तेव्हा आईला विचारलं होतंत, "तुम्ही दार कधी लावता?" आई म्हणाली, "कुत्रं आत याया लागलं की." तुम्ही इतक्या हसलात की चहा सांडला.

तुम्हाला आईची बोली फार आवडायची. मी होस्टेलवर आल्यापासून 'हाय'चं 'आहे' आणि 'न्हाई'चं 'नाही' करायला जिवाचा आटापिटा करत होते, कारण शहरातल्या मुली हसायच्या. आणि तुम्ही, सहा फूट उंच, पांढऱ्या भुवयांच्या, वॉर्डात खाटेपाशी उभं राहून म्हणायचात, "मावशे, आज लई बरी दिसतीस." मी हळूच सांगायचे, "बाई, 'लई' नका म्हणू, 'खूप' म्हणा." तुम्ही म्हणायचात, "खूप म्हटलं की पेशंट घाबरतो. लई म्हटलं की हसतो." बायका तुमचे केस हात लावून बघायच्या. लगीन का केलं नाही म्हणून विचारायच्या. एकदा तुम्ही मला म्हणालात, "माझ्या गावात मला कुणी विचारत नाही, जेवलीस का. इथं दिवसातून दहा जण विचारतात. मला कंटाळा येतो. आणि एखाद्या दिवशी कुणी विचारलं नाही तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं." मी तेव्हा मान डोलावली. मला काही कळलं नव्हतं.

मग तो दिवस. दुष्काळाचं साल, नळाला दिवसाआड पाणी. तुम्ही सकाळी आम्हाला बँडेज बांधायला शिकवलंत, नेहमीसारखं, चुकलेलं सोडून पुन्हा बांधायला लावलंत. तास संपल्यावर खडूचे हात पुसत म्हणालात, "माझी आई वारली. तीन आठवडे झाले. पत्र आज आलं. उद्या आपण भाजलेल्या जखमांचा धडा घेऊ." आणि क्वार्टरवर जाऊन दार लावून घेतलंत. दगडाची आहे बाई, असं आमच्यातली कुणीतरी म्हणाली. मलाही तसंच वाटलं, हे खरं.

त्या दिवशी गावचा एक माणूस नगरला आला होता, त्याच्याबरोबर मीच आईला सांगावा धाडला. का धाडला ते आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं आई आली. दुष्काळी कामावरची हजेरी बुडवून आली होती. पदराखाली फडक्यात बांधलेली भाकरी आणि पिठलं. "पोरी, बाईला कडू घास कुनी दिला का न्हाई?" हाच तिचा पहिला प्रश्न. ज्याच्या घरात माणूस गेलं त्याच्या घरी चूल पेटत नाही, पहिला घास दुसऱ्यानं भरवायचा असतो, हे तुम्हाला कुठून माहीत असणार? आईला मात्र हे तुम्हाला माहीत नसेल असं मनातही आलं नव्हतं.

मी टकटक केली. सकाळचा धडा घेऊन तुम्ही पुन्हा दार लावून बसल्या होतात. आतून इंग्रजीत म्हणालात, तिला सांग मी आभारी आहे, पण मला एकटं राहायचं आहे. मी आईला सांगितलं, "बाईंना बरं नाही. नंतर येऊ." आई व्हरांड्याच्या पायरीवर बसली. "तिला म्हनावं, मी काय बोलनार न्हाई. नुसती बसते." मी ते आत सांगितलं. मग दारामागून तुमचा आवाज आला, स्वच्छ मराठीत, "आई, तुमी जावा. मला येकटीला ऱ्हाऊ द्या."

आईनं माझ्याकडे बघितलं. ती काही रागावली नव्हती. फार हळू म्हणाली, "माझ्याच बोलीत मला जा म्हनली गं."

तरी ती गेली नाही. दिवसभर त्या पायरीवर बसून राहिली. मी ड्यूटीवरून दोनदा येऊन बघून गेले. ऊन पायरीवर आलं तशी ती भिंतीकडे सरकली, एवढाच फरक. संध्याकाळी शेवटच्या एसटीची वेळ झाली तेव्हा तिनं फडकं तुमच्या खिडकीत ठेवलं आणि माझ्याबरोबर स्टँडवर आली. गाडीत चढताना म्हणाली, "परमुलखात आई गेल्याचं कळलं तर मानसानं रडायचं तरी कुनाच्या गळ्यात पडून? आन ती म्हनती येकटी ऱ्हाते."

आठवड्यानं तुम्ही मला औषधांच्या खोलीत थांबवलंत. "तुझी आई दिवसभर का बसली? मी जा म्हणाले होते."

"तुम्ही एकट्या होतात म्हणून."

"पण मला एकटीच राहायचं होतं."

"असं कुणाला राहायचं असतं, बाई?"

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मी तुमच्याकडे. दोघींनाही एकमेकीचा शब्दन् शब्द कळत होता. मग तुम्ही एवढंच म्हणालात, "मी भाकरी खाल्ली. तिला सांग." मी सांगितलं. आई "बरं केलं," म्हणाली आणि कामाला लागली. पण पुढे कधी तुमचा विषय निघाला की ती म्हणायची, "दार न्हाई उगडलं पर." चिडून नाही. कोडं न सुटलेल्या माणसासारखी.

त्याच वर्षाच्या शेवटी तुम्ही परत गेलात. म्हातारे वडील एकटे पडले हे कारण तुम्ही सांगितलंत. काष्टीला जाऊन येते म्हणत होतात, ते राहूनच गेलं. मला कितीतरी दिवस वाटत होतं, त्या पायरीमुळेच तुम्ही गेलात. आमची माया तुम्हाला सोसली नाही. आजही कधी वाटतं, कधी वाटत नाही.

मी पास झाल्यावर तुम्हीच पत्र पाठवून मला तिकडं वर्षभरासाठी बोलावलंत, तुमच्या गावच्या इस्पितळात. आई म्हणाली, "जा. पर तिच्यावानी दार लावून बसू नगं." आणि बाई, मी तिथं गेल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल तर दार लावलं. मला स्वतःची खोली मिळाली होती. आयुष्यात पहिल्यांदा. आतून फिरणारी किल्ली, एक खिडकी, खाली काळं पाणी आणि बोटी. पहिले दोन महिने मी त्या खोलीत रडले, कारण बाहेर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दुकानात पाच माणसं रांगेत उभी असली तरी चिडीचूप. आणि मग, कसं झालं कळलं नाही, मला ती खोली आवडायला लागली. ड्यूटीवरून यायचं, किल्ली फिरवायची, आणि आपण काय खाल्लं, कुणाला पत्र लिहिलं, का हसलो, हे कुणीही विचारणार नाही. मला लाज वाटायची. आईला पत्रात मी हे कधी लिहिलं नाही. तिला लिहायचे, इथं फार एकटं वाटतं. तेही खोटं नव्हतं.

तुमचं मात्र उलटंच झालं होतं. तुमची बहीण माझ्याकडे तक्रार करायची, ही आता दारावर टकटक न करता आत येते, शेजाऱ्यांना जेवलात का म्हणून विचारते, लोक हिला टाळतात. तुम्ही दूध घालून उकळलेला चहा एकट्याच प्यायचात. मी दिसले की तुमचा चेहरा उजळायचा, आणि भर रस्त्यात, त्या शांत माणसांच्या गावात, तुम्ही मोठ्यानं हाक मारायचात, "काय गं, जेवलीस का?" मला तेव्हा संकोच व्हायचा. माझ्या गावची बोली तुमच्या तोंडून तुमच्या गावात ऐकून मी इकडं तिकडं बघायचे. आपल्या दोघींतली परदेशात कोण होती?

हिवाळ्यात भावाची तार आली. आई गेली. तार पोचेपर्यंत सगळं उरकलंही होतं. मेट्रननं माझ्या हातावर हात ठेवला, दोन दिवस सुट्टी दिली आणि मला माझ्या खोलीपर्यंत सोडून ती गेली. मी किल्ली फिरवली. पलंगावर बसले. दुपारी तीनलाच बाहेर अंधारून आलेलं. मला आईचा चेहरा आठवायचा होता, नीट, सावकाश, आणि तो येतच नव्हता. तेवढ्यात तुम्ही आलात. टकटक केली नाहीत. दार हलवलंत आणि हाक मारत राहिलात. मी उघडलं. तुमच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. ज्वारी कुठून मिळणार, तुम्ही कसल्यातरी पिठाची जाड भाकरी थापली होती, एका बाजूनं करपलेली, आणि वाटाण्याचं पिठलं. तुम्ही मला मिठीत घेतलंत आणि मोठ्यानं रडायला लागलात. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या खोलीतली नर्स दार उघडून बघून गेली. "आई गेली गं, आपली आई गेली," असं म्हणत होतात. मग खाली जमिनीवर बसलात, मांडी घालून, आणि घास माझ्या तोंडाशी धरलात. "खा. मी काय बोलनार न्हाई. नुसती बसते."

तुम्ही रात्री उशिरापर्यंत बसून होतात. पुढे पत्रांतून तुम्ही दोनतीनदा लिहिलंत, एक चूक मला त्या दिवशी दुरुस्त करता आली, याचं समाधान आहे. मी दर वेळी उत्तरात लिहिलं, तुम्ही आलात म्हणून मी निभावले.

बाई, हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून लिहिते. तुम्ही घास भरवत होतात आणि मी तो गिळत होते, तेव्हा मला एकच वाटत होतं. तुम्ही जावं. मला एकटीला राहू द्यावं.