बाबा बारीक झाले

शहापूर, १८ नोव्हेंबर २०२४

चि. संघरत्नास आईचा जय भीम आणि खूप खूप मंगल कामना.

कशी आहेस गो? डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, तर उठू नको. सातवा महिना जपायचा असतो. इकडे भात झोडून झालं. फोनवर मला रडू फुटतं, म्हणून लिहिते. तुझा भाऊ रत्नदीप मुरबाडला तुझ्याकडे येईल, तेव्हा हे तुझ्या हातात देईल.

बाबा फोनवर येत नाय म्हणून तू रुसलीस. रुसू नको.

कोलेस्टेरॉल वाढल्यापासून त्यांनी किती केलं ते तुला ठाऊक आहे. वडापाव सोडला, तळलेली मासळी सोडली, रोज नदीपर्यंत चालत जायचे. दहा-बारा किलो उतरले. पॅन्ट कमरेला राहीना, तर सुतळी बांधून गावभर दाखवत फिरले. रिपोर्टही चांगला आला.

आणि उन्हाळ्यात त्यांनी गोळ्या बंद केल्या. मी म्हटलं, “डॉक्टरांना इचारा तरी.” तर म्हणाले, “अगो, रोगच गेला, आता औषध कोणाला देऊ?” मला हसू आलं. विषय तिथंच राहिला.

दिवाळीनंतर खळ्यावर भारा उचलताना घामाघूम होऊन खालीच बसले. “पित्त झालंय,” म्हणाले. मग बोलणंच बंद झालं. रत्नदीपने गाडी करून थेट ठाण्याला नेलं. स्टेंट टाकलाय. जिवावरचं टळलं, परवा घरी आणलं. पण हृदयाचा एक भाग दुबळा झालाय.

डॉक्टर म्हणाले, “वजन उतरवलंत ते चांगलंच केलंत. पण तो रिपोर्ट गोळ्यांमुळेही चांगला आला होता.” बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हापासून ताटात काय वाढलं तेही बघत नाय. “आता पथ्य कशाला?” म्हणतात. गोळी मी हातावर ठेवते, ती उशीखाली सापडते.

तुला कळवायचं नाय अशी शपथ घातलीय त्यांनी. ती मी मोडतेय. काल विचारत होते, “संघरत्नाचं बाळ मला उचलता येईल का गो?” मी काय सांगू त्यांना?

तू येऊ नको. फक्त फोन कर, मी तो त्यांच्या कानाला लावीन. रडू नको, ओरड त्यांना. तू फोनवर असशील तोवर गोळी तोंडात घालतील, गिळतीलही. त्यांनी आजवर तुझंच ऐकलंय.

दिवसभर त्यांच्यापुढे धीराची, तुझ्यापुढे मात्र घाबरलेली,
तुझी आई