पोस्ट बॉक्सची किल्ली आणि वर्गणीची कारणे

मी, श्रीमती अ‍ॅना विल्फ्रेड तुस्कानो, वय वर्षे एकोणसत्तर, मूळ राहणार निर्मळ, तालुका वसई, हल्ली मुक्काम रोल्ला, शारजा, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थोडा थरथरतो तो नव्या गोळ्यांमुळे, आणि खालचा मजकूर मी माझ्याच मर्जीने लिहीत आहे. मुलगा व्हर्नन याने हे लिहू नको म्हणून माझी समजूत घालून पाहिली. तिचा उपयोग झाला नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. निर्मळचे घर व भोवतालची वाडी व्हर्ननला मिळावी. विहिरीवर शेजारी पाणी भरतात, त्यांना कोणी अडवू नये. बँकेतली ठेव नात अ‍ॅशले हिच्या शिक्षणासाठी ठेवावी. तिने काय शिकावे यात तिच्या बापाने नाक खुपसू नये.

कलम २. सणाला डुकराच्या मांसाचे इंदेल शिजवायचे मोठे पातेले सून लिनेट हिला द्यावे. स्टीलचे झाकणवाले पातेले रशीदाला (पाहा कलम ३) द्यावे. त्यात मी चहाशिवाय कधी काही केलेले नाही, हे रशीदाला ठाऊक आहे, तरी इथे लिहून ठेवते.

कलम ३. आता मुख्य मिळकत, म्हणजे रोल्लाच्या पोस्टातला आमचा बॉक्स. या देशात पोस्टमन दारात येत नाही. टपाल बॉक्समध्ये येते, बॉक्स बहुतेकांचा कंपनीचा असतो, आणि नोकरी सुटली की पत्ताही सुटतो. माझे दिवंगत पती विल्फ्रेड यांनी म्हणून स्वतःच्या नावाने बॉक्स घेतला आणि ओळखीपाळखीच्या मराठी माणसांना सांगितले, की मासिके आमच्या पत्त्यावर मागवा. तेव्हापासून माणसे सुट्टीच्या दिवशी आमच्या घरी येऊन आपापला अंक नेतात. दिवाळी अंक नाताळच्या सुमारास पोचतात, म्हणून आमचा फराळही ते येतील त्याच दिवशी होतो. नियम दोनच आहेत. पाकीट ज्याचे त्यानेच फोडायचे. आणि वर्गणी पुन्हा भरताना कारण सांगायचे; कारण पटले तरच मी फॉर्म पाठवते.

ही कारणे ऐकत मी म्हातारी झाले, आणि माणसांबद्दल माझे मत चांगले राहिले ते त्यांच्यामुळेच.

तय्यब राजापूरकडचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कारखान्यात एसीचे डक्ट बनवतो आणि शेतीचे मासिक घेतो. इथे त्याच्याकडे कुंडीसुद्धा नाही. मी कारण विचारले तर म्हणाला, "आंटी, आंबे भाऊ सांभाळतो. मी अंक वाचून त्याला फोनवर फवारणी सांगतो. तोही तोच अंक घेतो, पण तसं मला बोलत नाही. मला ठाऊक आहे, ते मीपण बोलत नाही. चालू दे ना, तेवढाच दोघांना विषय." असा भाऊपणा मी कुठे पाहिलेला नाही.

त्याची बायको रशीदा महिलांचे मासिक घेते. त्यातल्या पाककृती तिला हास्यास्पद वाटतात. ती म्हणाली, "व्हिसा यांच्या नावावर, भाडं यांच्या नावावर, लाइटबिल यांच्या नावावर. पाकिटावर रशीदा लिहिलेलं हे एकच येतं." तिचा फॉर्म मी त्याच दिवशी पाठवला.

नागेश राजकीय साप्ताहिक घेतो, कारण संपादकाचे त्याला काही म्हणजे काही पटत नाही. बीपीच्या गोळ्या घेतो, पण अंक बंद करत नाही. या निष्ठेला माझा सलाम. तरीही माझ्या धार्मिक मासिकातले शब्दकोडे त्याने माझ्याआधी, तेही पेनाने, सोडवले होते, हे मी विसरलेले नाही. त्याला माझे खोडरबर द्यावे.

कलम ४. गेल्या उन्हाळ्यात मी हॉस्पिटलात होते तेव्हा व्हर्ननने चांगल्या मनाने सर्वांना फोनवर ॲप घालून दिले आणि छापील अंकांच्या वर्गण्या बंद केल्या. "ममा, सगळे मॅगझिन्स ॲपवर आहेत. बॉक्स रिन्यू करायची गरजच नाही. खलास." मी घरी आले. रविवार आला, चहा उकळला, आणि कोणीही आले नाही, कारण न्यायचे काही नव्हते. पुढच्या रविवारी तय्यब दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आंटी, काही आलंय?" काही आलेले नाही हे त्याला माहीत होते. मी त्याला आत घेतले, बॉक्स त्याच आठवड्यात रिन्यू केला आणि सर्वांच्या वर्गण्या पुन्हा सुरू केल्या.

व्हर्नन मात्र अजून म्हणतो, की तुझ्यानंतर बॉक्स कोण बघणार, बंदच करावा लागेल. म्हणून लिहिते: बॉक्स व त्याची किल्ली रशीदाला मिळावी, नावबदलाचे काम मी हयातीतच करीन, आणि व्हर्ननचा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही.

कलम ५. वरचे लिहून मी सही करणार होते, तेवढ्यात बॉक्समध्ये एक नवे पाकीट आले. मुलांचे मासिक, नाव व्हर्नन तुस्कानो. मला वाटले, अ‍ॅशलेसाठी असेल. नियमाप्रमाणे फोडले नाही. रविवारी तो अबुधाबीहून आला तेव्हा मी त्यालाही कारण विचारले.

"अ‍ॅशलेसाठी नाही. इट्स फॉर मी, ममा."

"तुला? चाळिशी उलटली तुझी."

तो गाडीच्या चावीशी खेळत म्हणाला, "हॉस्पिटलमध्ये रशीदा आंटी तुला काहीतरी वाचून दाखवत होती. यू वेअर लाफिंग सो मच, नर्स आली बघायला. मी बाजूच्याच खुर्चीत होतो. मला काही कळलं नाही. आय डिडन्ट नो व्हाय माय मदर वॉज लाफिंग."

पोरगा रडला नाही, मी रडले. त्याला इंग्रजी शाळेत आम्हीच घातले; घरची मराठी तो बोलतो, पण पुस्तकातली मराठी त्याच्या वाट्याला आलीच नाही, वाचायलाही नाही आणि ऐकून समजायलाही नाही. तरी या वयात, बँकेत एवढ्या मोठ्या हुद्द्यावर असताना, त्याने स्वतःच्या नावाने मुलांचे मासिक मागवले. इतके चांगले कारण माझ्याकडे आजवर आले नव्हते. मंजूर.

म्हणून कलम ४ मधला हक्काबाबतचा शेवटचा भाग रद्द समजावा. एक किल्ली रशीदाकडे व एक व्हर्ननकडे राहावी, आणि बॉक्स बंद करायचा तर दोघांची सही लागावी. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम व्हर्नननेच करावे.

कलम ६. मृत्युपत्रात जिवंतपणीची अट घालता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. तरी घालते. मी आहे तोवर व्हर्ननने दर रविवारी मला त्याच्या मासिकातली एक गोष्ट वाचून दाखवावी. तो अडखळला तर कोणी शब्द पुरवू नये. मला घाई नाही.

लिहून देणार: अ‍ॅना विल्फ्रेड तुस्कानो

साक्षीदार: १. फ्रेडी लोपीस. २. तहसीन काझी. (नागेश यांना साक्षीदार व्हायचे होते, परंतु खोडरबर मिळणार असल्याने ते चालत नाहीत.)

ठिकाण: रोल्ला, शारजा. तारीख: १२ जानेवारी २०२५, रविवार, वाचन झाल्यानंतर.