आलेखातून कापलेले शिखर

मी लीलाधर सुपडू वाणी, वय वर्षे ६८, पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार देवपूर, धुळे, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेले नाही.

१. देवपूरचे घर आणि बँकेतील ठेवी माझी मुलगी दिपमाला हिला. तिच्या आईचे शिलाई मशीन तिने विकू नये, एवढी विनंती.

२. धाकटा भाऊ रुपचंद याला काही नाही. आमच्या आईच्या आजारपणात तो जळगावहून एकदाही आला नाही. राग आहे, पण तो धरून ठेवण्याचाही आता कंटाळा आला आहे.

३. माझा संगणक, आकडेमोडीच्या वह्या आणि सर्व पुस्तके माझी विद्यार्थिनी हुमा नजीर मणियार हिला. ती जळगावला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तिलाच का, हे सांगणे भाग आहे.

ती माझ्याकडे पीएच.डी. करत होती तेव्हा कोबाल्टच्या ऑक्साइडवर क्ष-किरण टाकून आम्ही इंदूरच्या प्रयोगशाळेत त्याचा वर्णपट मोजून आणला. आमचा प्रोग्राम प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा धरून, बाकीच्यांची सरासरी घेऊन, तोच वर्णपट गणिताने काढी. आलेखातले मोठे शिखर जुळले. त्याच्या उजवीकडे मोजणीत एक लहान शिखर होते, ते गणितात येईना. मी म्हणालो, नमुन्यात भेसळ असेल. हुमाने तीनदा नवा नमुना भट्टीत भाजला. शिखर तिथेच.

"सर, भेसळ नाही ती," ती म्हणाली. "इलेक्ट्रॉन एकमेकांना बघून हलतात. आपणच त्यांना एकटं धरलंय."

मला शोधनिबंध पाठवायची घाई होती. आलेखाचा अक्ष मी त्या शिखराच्या अलीकडेच थांबवला आणि तिच्या प्रबंधातूनही ते प्रकरण काढून टाकायला लावले. तिने ते काढले. पदवी घेतली आणि संशोधन सोडले. चार वर्षांनी परदेशातल्या कोणी तेच शिखर, तेच कारण देऊन छापले. तो निबंध मी वाचला आणि कपाटात ठेवून दिला.

निवृत्तीनंतर हुमाच्या म्हणण्याप्रमाणे गणित पुन्हा केले. संगणक अकरा दिवस चालला. शिखर ती म्हणाली होती तिथेच आले. मला लाज वाटली, तरी तिला फोन केला नाही. हेही लिहून ठेवतो.

४. आमचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिले आहे: आलेख मी कापला, शिखर हुमाने ओळखले, सोबत पूर्ण आलेख. ते माझ्या मागे दिपमालाने पाठवावे, असे कच्च्या प्रतीत होते. पक्की प्रत करताना ती ओळ मी खोडली. मेलेल्याला कोणी जाब विचारत नाही, म्हणूनच ती मला सुचली होती. पत्र आज सकाळी पाठवले. एक प्रत हुमाला.

वकील म्हणतात, होऊन गेलेल्या गोष्टीचे कलम मृत्युपत्रात बसत नाही, काढून टाका. एकदा काढून टाकले होते. हे राहू द्यावे.

सही: लीलाधर सुपडू वाणी

त्यांनी सगळे वाचून आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून आमच्या सह्या:
१. मनन ओस्तवाल, वकील
२. कहकशा तौसिफ पिंजारी, शेजारीण

देवपूर, धुळे
१४ नोव्हेंबर २०२५