अबूनांचा जबडा हलत होता

मी, बानूब विस्सा तादरोस, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मार बुक्तूरच्या चर्चमध्ये वेदीची भाकरी भाजणे, राहणार नगअ सिद्रा, जिल्हा मिनया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझे हृदय ठिकाणावर नसल्याचा दाखलाही त्यांनीच दिला आहे, म्हणून ही घाई. यापूर्वी मी कोणाला तोंडी काही कबूल केले असेल, विशेषतः लग्नकार्यात पोट भरलेले असताना, तर ते सर्व रद्द समजावे.

कलम १. राहते घर माझी मुलगी दमियाना हिला. ती असयूतला दिली आहे, पण घर इथेच राहील. माझा पुतण्या रमसिस म्हणतो की छप्पर त्याच्या बापाचे आहे. त्याच्या बापाने दोन वासे दिले होते हे खरे. ते दोन कोणते हे रमसिसने खाली उभे राहून ओळखावे आणि बाकीच्या छपराला धक्का न लावता काढून न्यावे.

कलम २. पोस्टात जे काही आहे त्यातून माझी माती करावी, उरले तर दमियानाला. तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर लोकांना बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि बिनसाखरेची कॉफी द्यावी. मांस ठेवू नये. मांस ठेवले की माणसे मयताबद्दल चांगले बोलू लागतात, आणि मला त्याची सवय नाही.

कलम ३. काथवट, भट्टीत भाकरी सारायचे लांब दांड्याचे फळकूट, टोचणी, आणि क्रूस कोरलेला लाकडी ठसा, जो माझ्या वडिलांचा होता, हे सर्व नदीपलीकडच्या दगडखाणीतल्या छोट्या चर्चला द्यावे. आमच्या चर्चला देऊ नये. कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. चर्चचे गायक मुअल्लिम लबीब यांना माझा रेडिओ. जगात दुसरेही आवाज आहेत हे त्यांना या वयात तरी कळावे.

कलम ५. रशाद फानूस यास माझे निळे पेन, कारण सध्या त्याला पेने फार लागतात. आमच्याकडे नवा पुजारी, म्हणजे अबूना, हवा असला की गावकरी शिफारसपत्रावर सह्या करतात. ते सय्यदनांकडे, म्हणजे बिशपांकडे जाते, आणि ते त्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला अबूना करतात. रशाद गेला महिनाभर आपल्या जावयासाठी असा कागद घेऊन फिरतो आहे. जावई वाईट नाही. चांगला आहे का, हे मात्र कोणी विचारलेले नाही, कारण रशादच्या एका हातात कागद असतो आणि दुसऱ्या हातात पाण्याच्या पंपाची किल्ली.

भाकरी निवडताना आम्ही असे करत नाही. मी दर रविवारी तीन, पाच किंवा सात भाकऱ्या टोपलीतून नेतो. अबूना एकेक उचलतात, उलटसुलट करतात, चीर पाहतात, ठसा नीट उठला आहे का ते पाहतात. जी निर्दोष, ती वेदीवर जाते, बाकीच्या शेवटी लोकांना वाटतात. पिठाच्या गोळ्यासाठी एवढी चौकशी, आणि जो माणूस तीस वर्षे आमच्या पोरांची लग्ने लावणार, आमची पापे ऐकणार, त्याच्यासाठी पंपाची किल्ली.

बावीस वर्षांपूर्वी रशादचा बाप, मुकद्दस फानूस, असाच कागद घेऊन भाच्यासाठी फिरला होता. मुकद्दस म्हणजे जेरुसलेमची यात्रा करून आलेला. फानूस यात्रेला गेला होता ते दोन आठवडे गावाला पाणी वेळेवर मिळाले, एवढे त्या यात्रेचे पुण्य मला ठाऊक आहे. त्याच्या कागदावर चारशे बारा सह्या झाल्या. त्यांपैकी एकोणीस जणांच्या मातीला मी स्वतः गेलो होतो. माझ्या आईची सही तर फारच सुबक होती. बिचारीला हयातभर अंगठ्यापलीकडे काही आले नाही.

तरीही एक अडचण होती. जागा रिकामी नव्हती. तिथे अबूना सराबामून होते.

कलम ६. अबूना सराबामून यांना मी खरी हकीकत देतो.

ते गोड माणूस नव्हते. फानूसने भाच्याला आधी निदान चर्चचा सेवक तरी करा म्हणून भरलेले बदक पाठवले, तेव्हा ते म्हणाले, "घाईनं कोणाच्या डोक्यावर हात ठेवायचे नसतात, मुकद्दस. आधी डोकं बघावं लागतं." बदक मात्र त्यांनी परत पाठवले नाही, गल्लीतल्या विधवांना वाटून टाकले. फानूसला त्याचा जास्त राग आला. आणि एका सणाला त्यांनी माझ्या सातही भाकऱ्या नापास केल्या. सगळ्या लोकांसमोर टोपली मला परत दिली आणि म्हणाले, "बानूब, ह्या तू भाजल्यास की यांच्याशी भांडलास?" लोक हसले. शेजारच्या गावाहून भाकरी आणवली. मी ते विसरलो नाही. माणूस वडिलांचे मरण विसरतो, पण लोक हसलेले विसरत नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी चुलतभावाच्या लग्नाला जाऊन आलो आणि रविवारी सकाळी झोपून राहिलो. जाग आली तेव्हा भिंतीवर ऊन आले होते. पायात चपला न घालता धावलो. भट्टीच्या खोलीचे दार उघडे होते. आत अबूना, जुना झगा, कोपरापर्यंत पीठ, माझ्याकडे पाठ. भट्टी पेटलेली, पाच भाकऱ्या फडक्यावर. आणि त्यांचा जबडा हलत होता. आमच्यात ही भाकरी स्तोत्रे म्हणत भाजायची असते. ते सगळ्यात लांब स्तोत्र म्हणत होते, आणि मला दारातून शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्यांनी वळून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "दोन राहिल्यात. हात धू."

कोणाला काही बोलले नाहीत. मीच बोललो. उपासनेनंतर कट्ट्यावर फानूसने विचारले, "काय रे, आज अबूना फार लवकर आले होते म्हणे?" माझी झोप उघडी पडू नये म्हणून मी थट्टेवारी नेले. म्हटले, "आले होते की. आत एकटेच होते. जबडा चालू होता." सगळे हसले. या वेळी लोक माझ्या बाजूने हसले, आणि मला बरे वाटले.

उपासनेआधी अबूनांनी कडक उपाशी राहायचे असते, आणि घासभर खाणे म्हणजे केवढे पाप, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. तीन आठवड्यांनी फानूस घरी आला. "तू म्हणाला होतास ना, जबडा चालू होता?" शास्त्रात नियम आहे की वडीलधाऱ्या सेवकाविरुद्ध दोन-तीन साक्षीदारांशिवाय तक्रार ऐकू नये. फानूस नियमाचा पक्का होता. एक साक्षीदार त्याचा पंपवाला, जो त्या दिवशी गावातच नव्हता, आणि दुसरा मी.

सय्यदनांच्या चौकशीत तीन पुजारी बसले होते. त्यांनी विचारले, "तू काय पाहिलंस?" मी म्हणालो, "जबडा हलत होता, देवाशप्पथ." शब्दाने खोटे बोललो नाही. डोळ्यांनी पाहिले ते सांगितले, कानांनी ऐकले ते गिळले. त्यांनी अबूनांना विचारले, "यावर काही म्हणायचंय?" अबूनांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "नाही."

त्यांना खाणीकडे पाठवले. कागदावर कारण लिहिले, प्रकृतीला हवापालट. दगडाची पूड उडते तिथे हवापालट. महिन्याभरात फानूसचा भाचा अबूना मितियास झाला. अशा वेळी लोकांनी "अक्सिओस" म्हणून ओरडायचे असते, म्हणजे हा माणूस लायक आहे. मी इतक्या जोरात ओरडलो की दोन दिवस घसा बसला होता. मितियास सतरा वर्षे राहिले, पंप ज्यांच्या हातात त्यांच्या घरची आजारपणे पाहिली, बाकीच्यांना आशीर्वाद पाठवला, आणि कुटुंबासह कॅनडाला गेले. तेव्हापासून दुसऱ्या गावचे अबूना रविवारपुरते येतात, आणि कागद काढायला रशाद आपल्या जावयाचे शिक्षण संपायची वाट पाहत होता.

हे कलम माझ्या मातीनंतर चर्चमध्ये, सय्यदनांसमोर, मोठ्याने वाचावे. मेलेल्या माणसाला कोणी काही करू शकत नाही, हे लक्षात घेऊनच मी ही वेळ निवडली आहे.

येथवर अमशीर महिन्याच्या पाचव्या दिवशी लिहिले.

पुरवणी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. मी निरोप पाठवून अबूना सराबामून यांना बोलावले. गुरुवारी ते होडीने आले. एकोणऐंशीचे झाले आहेत, खोकतात. माझ्या आजारपणासाठी असयूतहून आलेल्या दमियानाने चहा ठेवला. त्यांनी सगळे वाचले, वाशांवर हसले, कलम सहापाशी थांबले.

"हे माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी, अबूना."

"म्हणजे तू मेल्यावर मला मिळणार."

"हो."

"आणि मीच आधी गेलो तर?"

हे माझ्या डोक्यात आले नव्हते. मी विषय बदलला. म्हटले, "तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत? एकच वाक्य होतं. बानूब झोपला होता, म्हणून मी भाजत होतो."

"भट्टी तुझ्याकडून काढून घेतली असती. तुझी बायको इस्तेर आणि ही पोरगी काय खाणार होत्या? आणि मला वाटलं, तूच बोलशील. एक रविवार वाट पाहिली. मग म्हटलं, पुढच्या रविवारी बोलेल."

दमियाना चहा घेऊन दारातच उभी राहिली. तिला यातले काही माहीत नव्हते. मला लाज वाटली, आणि ती बावीस वर्षांत वाटली नव्हती एवढी वाटली.

"राग नाही ना आला?" मी विचारले. मूर्खासारखा प्रश्न.

"नाही कसा? पहिली दोन वर्षं स्तोत्र म्हणताना मध्येच तुझं नाव यायचं तोंडात. खाणीतली माणसं विचारायची, अबूना, हा बानूब कोण संत?" ते खोकत खोकत हसले, आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सही करणार नाही मी. मेलेल्या माणसाच्या साक्षीला साक्षीदार व्हायची मला हौस नाही. रविवारी रशादचा कागद चर्चमध्ये ठेवणारेत ना? त्याआधी उठून बोल. सोमवारी येतो सही करायला."

रविवारी बोललो. उपासना संपली, रशादने दाराशी टेबल मांडले, आणि मी पुढे जाऊन कलम सहा वाचले. रशाद म्हणाला, "काका, तब्येत बरी नाही तुमची, बसा बरं." मी बसलो नाही. मुअल्लिम लबीबांचा आवाज जन्मात पहिल्यांदा बंद होता. मी शेवटपर्यंत वाचले आणि वाट पाहिली की आता कोणीतरी थुंकेल, कोणीतरी चप्पल काढेल.

बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर नर्गिसमावशी बसतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "झालं का सांगून? आम्हाला माहितीये ते."

"काय माहितीये, मावशी?"

"तू भाजली नव्हतीस ते. इतकी वर्षं तुझ्या हातची भाकरी खातोय, बाबा. त्या एकाच रविवारी ती नीट भाजलेली होती. तोंडात घातली आणि कळलं."

कोणी हसले नाही. मी बाकांकडे पाहिले. माझ्या वयाचे सगळे खाली पाहत होते, रमसिससुद्धा, आणि लबीबसुद्धा.

"मग तुम्ही कोणी बोलला का नाहीत?"

"विचारलं कोणी? त्यांना दोन साक्षीदार पाहिजे होते, दोन मिळाले. पाणी आम्हालाही लागत होतं." मावशी उठल्या, काठी टेकत टेबलापाशी गेल्या, रशादचा कागद उचलला, चार घड्या घालून त्याच्याच खिशात घातला. "जावयाला घेऊन ये. चार महिने इथे राहू दे, आजाऱ्यांकडे जाऊ दे, झाडलोट करू दे. मग बघू चीर आहे का ते."

सय्यदनांना या सगळ्याचे पत्र चर्चच्या शिक्क्यानिशी गेले आहे. अबूना सराबामून परत येणार नाहीत. मी विचारले तर म्हणाले, "तिथल्या लोकांनी मला न मागता ठेवून घेतलं. त्यांना सोडून तुमच्याकडे कशाला येऊ?"

सबब कलम ६ मधील मृत्यूनंतर वाचण्याची सूचना रद्द. त्याजागी पुढील कलम धरावे.

कलम ७. हा दोष आजवर मी माझ्या एकट्याच्या मालकीचा समजत होतो. तशी वस्तुस्थिती नाही असे कळले. त्यातील अर्धा मी माझ्याबरोबर नेतो. उरलेला अर्धा, ज्यांनी ज्यांनी त्या रविवारी ती भाकरी खाल्ली त्या सर्वांना, स्त्री-पुरुष भेद न करता, समान वाट्याने देतो. कोणी नाकारू नये, आणि वाटणीवरून कोर्टात जाऊ नये.

मुक्काम नगअ सिद्रा, योनाच्या उपवासाचा पहिला दिवस, सोमवार, ११ अमशीर, आमच्या हुतात्म्यांच्या शकाचे वर्ष १७३५.

सही: बानूब विस्सा तादरोस

साक्षीदार पहिला: सराबामून, पुजारी, दगडखाणीचे चर्च, पूर्व किनारा. सही.

साक्षीदार दुसरी: नर्गिस गिर्गिस. अंगठा. माझा वाटा मिळाला.