मुक्ताचा श्वास

प्रिय सुनंदा,

मुक्ताला आज आयसीयूतून बाहेर आणलं. आता ती झोपली आहे. हे सगळं तुला सोडून कुणाला सांगू? म्हणून लिहितोय.

आपल्या मुलीच्या मेंदूत गाठ निघाली. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेजवळ. युनिव्हर्सिटीत प्रेझेंटेशन देताना तिला शब्द सापडेनात, तिथून सुरुवात झाली. सर्जनने सगळं नीट समजावलं. पण मला त्याच्या हाताची भीती नव्हती. मला भीती होती ती तुझ्या कामाची.

कॅल्गरीत किती वर्षं भूल दिलीस तू! घरी आलीस की भाजी चिरता चिरता मला सांगायचीस, कवटी म्हणजे बंद डबा, मेंदूला फुगायला जागाच नाही. पेशंटचा श्वास मशीन घेतं. तो कमी पडला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मेंदू फुगतो. श्वास वाढवला की तो वायू उतरतो, मेंदूची सूज बसते. पण फार उतरला तर मेंदूला रक्तच पुरत नाही. मी पाइपलाइनवाला इंजिनिअर, प्रेशरचं गणित मला लगेच समजायचं. पण फक्त घाबरण्यापुरतं शिकवून का गेलीस गं?

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भूल देणारी डॉक्टर भेटायला आली. तरुण होती. मुक्ता वॉशरूमला गेल्यावर मी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि विचारलं, कार्बन डायऑक्साइड किती ठेवणार? मी डॉक्टर आहे का, असं तिने विचारलं. बायको तुमच्याच कामात होती, आता ती या जगात नाही, म्हटलं. मग ती थांबली आणि तिने माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. तू असतीस तर मला दटावलं असतंस ना?

वेटिंग रूममध्ये सगळे टीव्हीवरची हॉकी बघत होते. मी मात्र छाती वरखाली होताना बघत होतो, माझीच. दर श्वासाला वाटायचं, मुक्ताला आत्ता कमी मिळतोय की जास्त?

सर्जन बाहेर आला. गाठ बरीचशी निघाली, थोडी बोलण्याच्या जागेला चिकटलेली होती म्हणून मुद्दाम ठेवली. मग म्हणाला, मध्येच मेंदू फुगायला लागला होता. मागून ती डॉक्टर आली. तिने डोक्याकडची बाजू उंच केली होती, औषध दिलं होतं, आणि मशीनचा श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड खाली आणला होता. सूज उतरताच तो परत पहिल्या पातळीवर नेला.

"खाली किती वेळ होता?" मी विचारलं.

"थोडाच वेळ. पण ती जागी होऊन बोलेपर्यंत मी तुम्हाला खात्री देणार नाही."

तूही हेच म्हणाली असतीस, आणि मला तुझाही रागच आला असता.

आयसीयूत मुक्ताने डोळे उघडले. नर्सने नाव विचारलं. उत्तर नाही. हात दाबायला सांगितला, तो तिने दाबला, पण बोलेना. नर्स म्हणाली, वेळ लागतो. कसला वेळ? मला तर तू सांगितलेला तो रक्त न पुरलेला मेंदूच दिसत होता. मी वाकून मराठीत विचारलं, "मुक्ता, कुठे आहेस बाळा?"

ओठ हलले. बराच वेळ नुसतेच हलले.

"हॉस्पिटल," ती म्हणाली. मग, "बाबा, स्टॉप स्टेअरिंग." मी टक लावून बघत होतो ना, ते नको होतं तिला.

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकलो. तू कुठे होतीस गं तेव्हा?

मुक्ताचे शब्द अजून अडतात. कालच्या जेवणात 'चमचा' आठवेना, 'स्पून'ही आठवेना, तर रडली. उरलेल्या गाठीचं काय, ते पुढच्या स्कॅनमध्ये कळेल. भीती गेलेली नाही, सुनंदा. आता ती आमच्याबरोबर घरी येऊन राहणार आहे.

कॉरिडॉरमधली गोष्ट मुक्ताला कळली आहे. तिने अडखळत मला बजावलं, डोकं माझं आहे, आधी मला विचारायचं. म्हणून तुला शब्द देतो. स्कॅनच्या दिवशी मी एकट्याने डॉक्टरला गाठणार नाही. तिच्या शेजारी बसेन, आणि जे असेल ते तिच्याबरोबरच ऐकेन.

तुझा,
अविनाश