गयाबाई गावाला गेल्ती म्हणून

प्रिय वहिनी,

आज आई दवाखान्यातून घरी आली, स्वतःच्या पायांनी जिना चढली. खाली सगळे हसून राह्यलेत. मी गच्चीवर येऊन तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, पण एक गोष्ट मला याच आठवड्यात कळली.

आई तापानं वीस दिवस पडून होती. मंग डावी पोटरी टम्म सुजली. मी तडक गयाबाई मालीशवालीकडं धावलो. ती लेकीकडं कुंभार पिंपळगावला गेल्ती. म्हणून आईला औरंगाबादला नेलं.

डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, माहीत आहे? "पाय कुणी चोळला तर नाही ना? शिरेत रक्ताची गुठळी आहे. सुटली तर थेट फुप्फुसात जाते."

वहिनी, मला तुमचा पाय आठवला.

त्यांनी गुडघ्यामागं सुईएवढं भोक पाडलं, टीव्हीवर बघत शिरेतून बारीक नळी सरकवली अन् गुठळीवरच औषध सोडलं. टाका एक न्हाई. तिसऱ्या दिवशी आई विचारते, "इथं चहा बरा कुठं मिळतो रे?"

तुमचं प्लॅस्टर निघालं तेव्हा पोटरी अशीच सुजली होती ना? तुम्ही म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, उतरंल." पण रविवारी तुम्ही जाफराबादला लताच्या आईशी आमच्या लग्नाचं बोलायला जाणार होत्या. मला कुठला धीर? तुमच्याशी भांडून गयाबाईला आणलं. तुम्ही म्हणत होत्या, "हळू गं बाई." अन् मी दारातून, "जोरात चोळा, रविवारी चालायचंय त्यांना."

संध्याकाळी तुम्हाला धाप लागली.

मी कॉलेज सोडलं तेव्हा घर माझ्यावर तुटून पडलं. तुम्हीच तेवढ्या म्हणाल्या, "कॉलेज सोडलं, आता पोरगी तरी सोडू नका." इतका जीव लावला, मंग त्या दिवशी मला एक शिवी हासडून हाकलून का न्हाई दिलं?

चोळल्यानंच झालं का? डॉक्टर म्हणाले, आता सांगता येणार नाही. पण बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई.

दादा मात्र अजून म्हणतो, "दुकानातून लवकर आलो असतो तर ती वाचली असती."

आई म्हणून राह्यली, "या रविवारी मी जाते जाफराबादला." मी म्हटलं, थांब. आज दादा दुकान बंद करून आला की त्याला आधी सगळं सांगणार आहे. तुझा उशीर न्हाई, माझी घाई नडली. त्यानं हात उचलला तरी उलटून बोलणार न्हाई. हा शब्द तुम्हाला. लताचं त्यानंतर.

तुमचा भाऊजी,
संजू